कोंडून ठेवू नका, डॉक्टरकडे न्या

(सदर : घर आणि आरोग्य)



पेण तालुक्यातील जोहे गावाकडून एका आईचे पत्र आले आहे. तिने सांगितले आणि दहावीला असलेल्या तिच्या मुलीने लिहून काढले. थोरला मुलगा मुंबईला माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता. तिथल्या सोबत्यांत गर्द ओढू लागला. दोन वर्षांनी गावी आला तो हाडांचा सापळा होऊन. आता गणपतीच्या एका कारखान्यात रंगकामाला जातो. पण मिळालेली मजुरी घरी येत नाही. आधी घरातली पितळी भांडी गेली, मग बहिणीचे कानातले गेले. उन्हाळ्यात मामाने व शेजारच्या दोघांनी मिळून त्याला मागच्या खोलीत घातले आणि बाहेरून कडी लावली. तीन दिवस तो ओरडत होता, ओकत होता, कपड्यातच जुलाब होत होते. चौथ्या रात्री कौले काढून पळाला. पाचव्या दिवशी परत आला तो पुन्हा ओढूनच. आता कोणीतरी सांगितले आहे की अमुक एका ठिकाणी पैसे भरले की गाडी घेऊन येतात, मुलाला उचलून नेतात आणि ‘फटके देऊन सरळ करतात’. आई विचारते, पुन्हा कोंडावे की तिकडे पाठवावे?

घराची ओळख पटू नये म्हणून पत्रातील काही गोष्टी बदलल्या आहेत. प्रश्न मात्र तसाच ठेवला आहे, कारण तो एकट्या जोहे गावचा नाही. ‘एम्स’च्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात अफू, गर्द व त्याच जातीच्या गोळ्या-औषधे घेणारे देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक असल्याचा अंदाज आहे, आणि ज्या मोजक्या राज्यांत या व्यसनाचे निम्म्याहून अधिक रुग्ण आहेत त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

पत्रात शेवटी एक ओळ खाली रेघ मारून लिहिली आहे. बौद्ध घरातला मुलगा मूर्ती रंगवतो म्हणून वस्तीत आधीच बोलतात, त्यात हे. ताई, त्या बोलण्याचे मनावर घेऊ नका. जोहे, हमरापूर, कळवे या पट्ट्यात घरोघर तोच धंदा आहे आणि पोटासाठी हात चालवणे म्हणजे पूजा करणे नव्हे. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिल्या त्या पूजेविषयी, मजुरीविषयी नव्हेत. मुलगा कामाला जातो ही या सगळ्या प्रकरणातली जमेची बाजू आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पुन्हा कोंडू नका आणि फटके देणाऱ्यांकडेही पाठवू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. का, ते नीट समजून घ्या.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. अफूपासून मॉर्फिन, मॉर्फिनपासून हेरॉईन, आणि त्याचे हलके, भेसळीचे रूप म्हणजे हा तपकिरी भुकटा. खोकल्याच्या औषधातील कोडीन, दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या हीदेखील त्याच कुळातली. आपल्या शरीरात वेदना कमी करणारी, मनाला शांतवणारी द्रव्ये निसर्गतःच थोडी थोडी तयार होतात. गर्द नेमकी त्यांच्याच जागी जाऊन बसते. खारेपाटातल्या बायकांना टँकर काय असतो हे सांगायला नको. रोज दारात टँकर येऊ लागला की विहिरीकडे कोणी पाहत नाही, ती गाळाने भरते. मग एक दिवस टँकर बंद झाला तर? विहीर आहे, पण पाणी नाही. गाळ उपसून झरा पुन्हा वाहायला दिवस लागतात. गर्द सोडणाऱ्याच्या शरीरात हेच घडते.

शेवटचे ओढल्यापासून आठ-बारा तासांत नाक-डोळे गळू लागतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो. मग हाडे मोडल्यासारखी दुखतात, पायांना चैन पडत नाही, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास टोकाला जातो. सात-आठ दिवसांत शरीराचा त्रास ओसरतो. झोप न लागणे, उदास वाटणे मात्र कितीतरी आठवडे चालते. गर्दुल्ल्यांच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. तुमचा मुलगा तीन दिवस ओरडत होता ते नाटक नव्हते, आणि त्याच्या अंगात काही शिरलेही नव्हते. भगताला बोलावून अंगारा लावला असता तरी चौथ्या दिवशी हेच झाले असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. धडधाकट तरुणाचा टर्कीने सहसा जीव जात नाही. म्हणूनच लोकांना वाटते, ‘दोन-चार दिवस काढू दे कळ, अद्दल घडेल.’ पण उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी गेले आणि कोंडलेल्या खोलीत कोणी पाणीही देत नसेल तर जिवावर बेतू शकते. जो गर्दबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्याही घेतो, त्याची गोष्ट तर आणखी वेगळी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, आणि ती घातक ठरते. घरात हे कोण ओळखणार? गरोदर बाईला गर्दचे किंवा अशा गोळ्यांचे व्यसन असेल तर तिने आपल्या मनाने एका दिवसात सोडणे पोटातल्या बाळाला धोक्याचे असते. तिला पहिल्याच दिवशी डॉक्टर हवा.

डॉक्टर करतात तरी काय? या उपचाराला दवाखान्यात ‘डिटॉक्स’ म्हणतात. त्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत.

व्यसन फार जुने नसेल, घरात सांभाळणारे माणूस असेल आणि मुलगा स्वतः तयार असेल, तर मानसोपचार तज्ज्ञ घरी राहूनही औषधे देतात. त्यात क्लोनिडीन नावाची गोळी असते. मूळ ती रक्तदाबाची. पण टर्कीतला घाम, धडधड, काटा व अस्वस्थता ती उतरवते. रक्तदाब फार उतरला तर रुग्ण उठताना चक्कर येऊन पडतो, म्हणून ती मोजूनमापून, दाब तपासत द्यावी लागते. सोबत अंगदुखीची, उलटीची, जुलाब थांबवण्याची औषधे, थोडे दिवस झोपेचे औषध आणि मीठ-साखरेचे पाणी. हे साधे दिसते, पण कडी लावलेल्या खोलीत आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

व्यसन जुने असेल, सुईने घेत असेल, इतर आजार असतील किंवा घरी राहून एकदा फसले असेल, तर दाखल करावे. तिथे बहुधा ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवायला देतात. ही गोळी अफूच्याच कुळातली, पण तिची पकड लांब आणि चढ कमी. तिने टर्की आवरते. मग आठ-दहा दिवसांत, कधी जास्त दिवसांत, तिची मात्रा उतरवत नेतात. विहिरीचा गाळ उपसेपर्यंत रोज थोडे थोडे पाणी पुरवण्यासारखे हे आहे. इथे एक खोच आहे. ही गोळी टर्की सुरू झाल्यावरच द्यायची असते. अंगात गर्द असतानाच दिली तर ती गर्दला हुसकावून लावते आणि मुलाला एकदम, नेहमीपेक्षा भयंकर टर्की येते. म्हणून कोणा मित्राने आणून दिलेली गोळी घरी देऊ नका. आणि डॉक्टरने ‘शेवटचे कधी घेतले?’ असे विचारले की मुलाने खरे सांगितले पाहिजे. आई समोर असताना तो सांगणार नाही. पाच मिनिटे तुम्ही बाहेर थांबा.

बेशुद्ध करून एका दिवसात नशा काढून देतो, अशीही जाहिरात कुठे दिसेल. तिकडे फिरकू नका. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात २०१२ साली असे उपचार घेतलेल्या ७५ जणांपैकी दोघे दगावले आणि पाच जणांना रुग्णालयात हलवावे लागले, असे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केले आहे.

जायचे कुठे? जोह्याहून पेणचे उपजिल्हा रुग्णालय सर्वांत जवळ. तिथे मानसोपचार तज्ज्ञ रोज भेटेलच असे धरून जाऊ नका. पण केसपेपर काढून तपासणी करून घ्यावी आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी मागावी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क केलेले आहेत. मुंबईला जायचे असेल तर महापालिकेची केईएम, नायर, शीव ही रुग्णालये व सरकारी जे. जे. येथे मानसोपचार विभाग आहेत. केईएमला जायचे तर पनवेलहून हार्बरची लोकल, कुर्ल्याला बदलून परळ. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, म्हणून पहाटेच निघावे. निघण्याआधी केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत फोनवर विचारून घ्या. जवळचे मान्यताप्राप्त केंद्र कोणते ते तिथे सांगतात. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फोन २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मानसिक त्रासाबद्दल आपल्या भाषेत बोलता येते, आणि आईलासुद्धा बोलता येते.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द पसरली तेव्हा अनिल अवचट यांनी त्या मुलांमध्ये हिंडून-बसून लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र उभे राहिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्यांना लोक सुनंदा म्हणूनही ओळखतात, त्याच मनोरुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ होत्या. केंद्राची घडी त्यांनी बसवली. १९९७ साली त्या गेल्या, २०२२ साली अवचटही गेले, पण काम चालू आहे. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा असतो. हा आकडा लक्षात ठेवा. शरीराची टर्की आठवड्यात उतरते, तर मग बाकीचे चार आठवडे कशाला? कारण उरलेले दिवस मनासाठी असतात. गटात बसून बोलणे, सकाळी वेळेवर उठणे, काम करणे, घरच्यांची समजूत घालणे, पुन्हा तलफ आली तर काय करायचे ते शिकणे. तिथून बरी झालेली कितीतरी माणसे पुढे तिथेच कार्यकर्ते झाली. व्यसनी माणसाच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे आणि व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग. स्त्रियांसाठी वेगळी सोय लागते हे आपण वस्तीत अजून मान्यही करत नाही.

पोलिसांची भीती ही दुसरी अडचण. ‘दवाखान्यात नेले आणि त्यांनी पकडून दिले तर?’ १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस थोड्या मात्रेच्या किंवा स्वतः सेवन केल्याच्या गुन्ह्यात सापडला आणि सरकारमान्य ठिकाणी स्वखुशीने उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येते. गर्द विकणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

आता त्या ‘उचलून नेणाऱ्यां’विषयी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि दारू व अंमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थिती त्यात येतात. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण हा त्याचा हक्क आहे. म्हणून पैसे भरण्याआधी जाऊन पाहा आणि तोंडाने विचारा. संस्थेची नोंदणी कुठे आहे, कागद दाखवा. डॉक्टर कोण, रात्री कोण असते? टर्कीला कोणते औषध देता? आम्हाला मुलाला कधी भेटता येईल? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळेल, ‘तीन महिने तोंड पाहायचे नाही’ म्हणेल, त्याला जयभीम करून परत या. फटक्यांनी माणूस गप्प होतो. त्याची तलफ काही कमी होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. या सदरातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे विसरू नका.

गर्दच्या व्यसनात सर्वांत धोक्याचे दिवस कोणते? लोक म्हणतील, टर्कीचे. नाही. उपचार घेऊन, तोंडावर तेज येऊन, मुलगा घरी परततो ते दिवस. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. आठ-पंधरा दिवस बंद राहिले की ती सवय निघून जाते. मग एखाद्या संध्याकाळी जुना सोबती भेटतो आणि मुलगा पूर्वीइतकेच घेतो. पूर्वी जे त्याला पुरत नव्हते, त्यानेच आता श्वास बंद पडतो. लंडनच्या संशोधकांनी २००३ साली डिटॉक्ससाठी दाखल झालेल्या १३७ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यात बाहेर पडल्यावर पहिल्या चार महिन्यांत जे तिघे अतिमात्रेने गेले, ते तिघेही कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी होते. म्हणजे अर्धवट सोडून गेलेले नव्हते. घरचे ज्यांच्यासाठी पेढे वाटतात असे होते.

यावरून डिटॉक्स करू नये असे कोणी समजू नये. डिटॉक्स करून मुलाला मोकळे सोडू नये, एवढाच त्याचा अर्थ. दवाखान्यातून निघतानाच पुढचे औषध व पुढची तारीख ठरवून घ्यावी. नाल्ट्रेक्झोन नावाची एक गोळी आहे. ती सुरू असताना गर्द घेतली तरी तिची नशा चढत नाही. पण अंगातून गर्द पूर्ण गेल्यावर, सात-दहा दिवसांनी, यकृताची तपासणी करून ती सुरू करतात, आणि घरच्या कोणीतरी रोज समोर बसून द्यावी लागते. आईने दिली तर भांडण होते, मामाने दिली तर रुसवा. असे काम बहुधा बायको किंवा आजी करते. ही गोळी चुकवून पुन्हा गर्द घेतली तर धोका तोच, वर सांगितलेला.

दुसरा रस्ता म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन न थांबवता महिनोन्‌महिने, गरज पडली तर वर्षे चालू ठेवणे. मेथाडोन नावाचे पातळ औषधही असेच देतात; भारतात ते २०१२ साली प्रायोगिक तत्त्वावर मोजक्या केंद्रांत सुरू झाले, त्यांत परळचे केईएम होते. सुईने नशा करणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमातून ब्युप्रेनॉर्फिन मोफत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. वारंवार डिटॉक्स करून पुन्हा पुन्हा फसणाऱ्याला या मार्गाने जीव वाचण्याची शक्यता जास्त असते.

यावर आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात की ही एक नशा सोडून दुसरी नशा झाली, पाचव्या शीलात हे कसे बसते? प्रश्न चांगला आहे, टाळण्यासारखा नाही. पाचव्या शीलात मादक पदार्थाबरोबर ‘पमाद’ हा शब्द आहे, म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. ज्या पदार्थाने माणूस गाफील होतो, बहिणीच्या कानातल्यापर्यंत जातो, तो त्याज्य. डॉक्टरने मोजून दिलेली गोळी घेऊन जो मुलगा कामावर जातो, मजुरी आईच्या हातात देतो, संध्याकाळी वंदनेला येऊन बसतो, तो गाफील आहे का? मला तरी तसे वाटत नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्षू हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्या भिक्षूला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्षूंना बोलावून, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, असे त्यांना विचारले. त्यांनी आजाऱ्याला आधी धुतले. त्याची उलटतपासणी करत बसले नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातला, तेव्हाच्या कुलाब्यातला, आणखी एक प्रसंग आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले तेव्हा दारूड्या नवऱ्याला व मुलाला जेवायला वाढू नका, असे त्यांनी सांगितले होते. मग ताई, तुम्ही काय करावे? माझी समजूत अशी आहे. बाबासाहेबांनी त्या दिवशी स्त्रीच्या हातात बळ दिले. व्यसनाला तुमच्या कष्टाचे खतपाणी घालू नका, हा त्याचा गाभा. म्हणून मुलाच्या हाती पैसे देऊ नका. त्याने केलेली उधारी फेडू नका. मुकादमाला भेटून मजुरी तुमच्या हाती द्यायला सांगा. मुलाला सांगून, त्याच्या देखत सांगा. पण टर्कीत तळमळणाऱ्याचे पाणी-पेज बंद करायला त्यांनी सांगितले असे कोणी म्हणू लागला तर ते खरे मानू नका.

आणि विहारात सर्वांसमोर उभे करून शपथ घ्यायला लावण्याचा कार्यक्रमही करू नका. हेतू चांगला असतो, पण ज्या दिवशी शपथ मोडते त्या दिवसापासून मुलगा विहाराच्या रस्त्यानेही येत नाही. त्यापेक्षा महिला मंडळाने अलिबागच्या फेऱ्यांचे एस.टी.चे पैसे काढावेत, एखाद्या तरुणाने सोबत जावे. दवाखान्याच्या रांगेत तलफेने हैराण झालेल्या मुलाला सांभाळायला एकटी आई पुरत नाही.

कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना. सीझनमध्ये रात्र-रात्र वाकून बसावे लागते, पाठ-मान धरते. मग ‘ती कडक गोळी’ मागितली जाते. दुखण्यावरच्या कडक गोळ्यांत काही ट्रॅमाडॉलच्या असतात. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि तशीच ती विकायची नसते. रोज घेतली तर महिन्या-दोन महिन्यांत तिचीही टर्की येते. गोळी न घेतल्याच्या दिवशी नाक गळून अंग मोडून येत असेल तर ती सर्दी समजू नका, डॉक्टरला दाखवा. ती सोडण्याचे उपचारही वर सांगितले तेच.

मुलगा सुईने घेत असेल तर एच.आय.व्ही. आणि कावीळ ‘ब’ व ‘क’ या तपासण्या करून घ्या. ‘क’ कावीळ औषधांनी पूर्ण बरी होते आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात औषधे मोफत आहेत.

पत्र लिहिणाऱ्या मुलीसाठी वेगळे दोन शब्द. बेटा, भावाला सुधारणे हे तुझे काम नाही. त्याच्यावर पाळत ठेवू नकोस, खिसे तपासू नकोस. अभ्यासासाठी मैत्रिणीकडे किंवा विहारात जा. आईला मात्र एक मदत कर. एका कागदावर लिहून काढ : भाऊ कधीपासून घेतो, दिवसातून किती वेळा, ओढतो की सुई, सोबत दारू किंवा गोळ्या घेतो का, पूर्वी फिट आली होती का, कोणते औषध अंगावर उठते का. दवाखान्यात आई घाबरून निम्मे विसरेल. हा कागद, आधार कार्ड, जुने केसपेपर आणि दोन जोड कपडे एका पिशवीत तयार ठेवा. मुलगा ‘चल, जातो’ म्हणाला की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका; असे मन फार वेळ टिकत नाही.

दवाखान्यातून परत आल्यावर कधी तो न उठणाऱ्या झोपेत दिसला, हाका मारून, खांदा हलवून उठला नाही, श्वास अगदी सावकाश किंवा घोरल्यासारखा अडखळत येत असला, ओठ-नखे निळसर झाली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर ती झोप नव्हे. लगेच १०८ ला फोन करा. तो श्वास घेत असेल तर त्याला कुशीवर वळवा, तोंडातले काही असेल ते काढा. श्वास थांबला असेल तर उताणा ठेवून, मान किंचित मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. १०८ वरचा माणूस सांगेल तसे करत राहा. तोंडात पाणी, लिंबू, ताक काही ओतू नका. मीठ घालून उलटी करवू नका. गाडी आली की ‘गर्द घेतली आहे’ असे स्पष्ट सांगा. नॅलोक्झोन नावाचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते, पण काय घेतले आहे ते लपवले तर ते द्यायला उशीर होतो. आणि इंजेक्शनने उठून बसला तरी घरी आणू नका. त्याचा असर गर्दच्या आधी संपतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा.

पुढील अंकात : दारू एकदम सोडल्यावर येणारी फिट व भ्रम. वाचकांनी आपले प्रश्न नाव न लिहिता पाठवले तरी चालतील.